बायबलमधलं रूथचं पुस्तक खोलात शिकायचंय, पण पैसे न घालता आणि मराठीत. कुठून सुरुवात करू?

बुधवारगट:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी बायकांचा बायबल स्टडी असतो, बारा-तेरा जणी येतात, बऱ्याचशा शेतात मजुरीला जाणाऱ्या, दोघी अंगणवाडीत, आणि तिघींना वाचता येत नाही. आतापर्यंत मी एक अध्याय वाचायचे, त्यावर चार शब्द बोलायचे, मग प्रार्थना आणि चहा. पण आता त्या प्रश्न विचारायला लागल्यात. गेल्या बुधवारी रूथचा २ रा अध्याय वाचला तर एकीने विचारलं, ताई ही बाई परगावची, कोणाच्याही शेतात सरवा (कापणीनंतर मागे राहिलेली कणसं) वेचायला कशी काय गेली, मालकाने हाकलली नाही का, आम्हाला तर हाकलतात. मला उत्तरच देता आलं नाही, घरी येऊन फार वाईट वाटलं. ऑनलाइन एक कोर्स बघितला, फी चौदा हजार आणि सगळं इंग्लिशमध्ये. मी बारावी झालेय, इंग्लिश वाचते पण सावकाश. फुकटात खरा अभ्यास होतो का, का तो फक्त पाळक लोकांसाठीच असतो?

दौंडलाईन:
ताई, त्या बाईंचा प्रश्न इतका चांगला आहे की तिथूनच सुरुवात करा. उत्तर बायबलमध्येच आहे. लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९ काढा. कापणी करताना शेताचे कोपरे सोडायचे, विसरलेली पेंढी परत आणायला जायचं नाही, ती परदेशी, अनाथ आणि विधवा यांची. रूथ मवाबी, म्हणजे मवाब देशाची, परदेशी, शिवाय विधवा, म्हणजे सरवा हा तिचा नियमाने हक्क होता. तरी शेताचा मालक बवाज नियमावर थांबत नाही, २:१५-१६ मध्ये तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांमधून मुद्दाम थोडं काढून टाका तिच्यासाठी, आणि तिला धमकावू नका. संध्याकाळी झोडून तिच्याकडे एफाभर सातू निघाले, एफा म्हणजे साधारण २२ लिटर. तेलाचा १५ लिटरचा डबा असतो ना, तो भरून वर जवळजवळ अर्धा. डबा घेऊन जा आणि दाखवा, वाचता न येणाऱ्या बायकांनाही लगेच कळेल. सरवा हा शब्द त्यांच्या रोजच्या जगण्यातला आहे, शहरातल्या लोकांना तो समजावून सांगावा लागतो.

माझ्या आईकडे संदर्भांचं मराठी बायबल होतं, बारीक अक्षरातले ते संदर्भ एकेक उघडून बघायची तिची सवय, वहीत लिहून ठेवायची. अर्धा अभ्यास तेवढ्यानेच होतो.

नाईटशिफ्ट:
आता मूळ भाषेचं. स्टेप बायबल म्हणून साइट आहे, केंब्रिजच्या टिंडेल हाऊसची, पूर्ण फुकट, लॉगिनपण लागत नाही. इंग्लिश ओळ उघडा, शब्दावर क्लिक करा, खालचा हिब्रू शब्द, अर्थ आणि तो अजून कुठे-कुठे आलाय ते दिसतं. ब्लू लेटर बायबलपण असंच आहे, स्ट्राँगचे नंबर दाखवतं, म्हणजे मूळ भाषेतल्या प्रत्येक शब्दाला दिलेला क्रमांक. ह्या नंबरांची पद्धत १८९० ची आहे, जुनी म्हणून कॉपीराइट नाही, त्यामुळेच सगळीकडे फुकट मिळते.

रूथमध्येच करून बघा. २:१२ मध्ये बवाज म्हणतो की तू देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस. मग ३:९ मध्ये खळ्यावर रूथ त्याला म्हणते तुमच्या वस्त्राचा काठ माझ्यावर पसरा. दोन्हीकडे हिब्रू शब्द एकच, कानाफ, नंबर ३६७१, पंख पण आणि कपड्याचा काठ पण. म्हणजे ती त्याला त्याचेच शब्द परत देतेय, की तू देवाच्या पंखांचं बोललास ना, मग आता तू तो पंख हो. मराठीत वाचताना हे निसटतं, पण बायकांना पदर म्हणून सांगितलं तर मला वाटतं दुसरं काही समजवावं लागणार नाही. मी हे रात्रपाळीला मोबाईलवर बघितलं आणि अक्षरशः उठून उभा राहिलो.

जुनावर्ग:
वरचं सगळं बरोबर, फक्त एक काळजी घ्या. स्ट्राँगचा नंबर म्हणजे डिक्शनरी आहे, त्यातले पाचही अर्थ प्रत्येक ठिकाणी लागू होत नाहीत. योहान २१ वरचा उपदेश सगळ्यांनी ऐकलाय, की येशू अगापे म्हणतो आणि पेत्र फिलेओ म्हणतो (दोन्ही प्रीतीसाठीचे ग्रीक शब्द) म्हणून पेत्राचं प्रेम कमी. पण योहानानेच पित्याची पुत्रावरची प्रीती सांगताना ३:३५ ला एक शब्द वापरलाय आणि ५:२० ला दुसरा, आता तिथे पित्याचं प्रेम कमी झालं म्हणायचं का? म्हणून आधी रूथचे चारही अध्याय एका बैठकीत मोठ्याने वाचा, ८५ ओव्या, जास्त वेळ लागत नाही. शब्द नंतर खोदा.

आणि छापून वाटायचं असेल तर मराठी इंडियन रिवाइज्ड व्हर्जन वापरा, २०१९ ची आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सवर, श्रेय देऊन झेरॉक्स काढून वाटायला मोकळीक आहे. पंडिता रमाबाईंनी एवढ्या संस्कृत विदुषी असून हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते त्यांच्यामागे १९२४ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये छापून निघालं. त्यामुळे खोल अभ्यास फक्त पाळकांसाठी हे महाराष्ट्रातल्या बाईने तरी मनातून काढून टाकावं.

नाईटशिफ्ट:
वाचता न येणाऱ्या तिघींसाठी बायबल डॉट इज ॲपमध्ये मराठी ऑडिओ आहे, फुकट. वायफाय मिळेल तिथे डाउनलोड करून ठेवा, मग डेटा लागत नाही.

बुधवारगट:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल करून बघितलं. डबा नेला होता. लेवीयमधलं वाचून दाखवल्यावर जिने प्रश्न विचारला होता ती म्हणाली, म्हणजे देवाने सरवा कायद्यात लिहून ठेवलाय, आणि परत वाच म्हणाली. तीनदा वाचलं. पदराचं सांगितलं तेव्हा कोणीच काही बोललं नाही, मग एक आजी म्हणाल्या हे आम्हाला पन्नास वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या बुधवारी अध्याय ४ आहे, वेशीत बसून तो जोडा काढून देतात त्याचं काय आहे? अनुवाद २५ बघितलं पण तिथे जरा वेगळं वाटतंय, तिथे बाई जोडा काढते.