३०० बॉडची मर्यादा गेली, मग आता नेमके काय मोजायचे?

प्रश्न
अमेरिकेच्या एफसीसीने (दूरसंचार नियामक संस्थेने) नोव्हेंबर २०२३ मध्ये हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या हाय फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवरील डेटा प्रसारणासाठी असलेली ३०० बॉडची मर्यादा काढून २.८ किलोहर्ट्झ बँडविड्थची, म्हणजे संदेशाने व्यापलेल्या रुंदीची मर्यादा घातली आणि ती ८ जानेवारी २०२४ पासून लागू झाली. पूर्वी तिथे डेटा पाठवण्याच्या पद्धतींपैकी पॅक्टर-३ चालत असे, पॅक्टर-४ मात्र चालत नसे. दोन्ही वॉटरफॉलवर (संदेशांची रुंदी दाखवणाऱ्या पडद्यावर) जवळपास सारखीच जागा घेतात, मग हा भेद कशामुळे होता? आणि आता संदेशाची रुंदी कशी ठरवायची?

उत्तर १
बॉड म्हणजे दर सेकंदाला पाठवलेल्या सिम्बॉलची (संदेशातल्या एकेका बदलाची) संख्या; एकूण रुंदी त्यातून कळत नाही. पॅक्टर-३ जास्तीत जास्त १८ टोन एकाच वेळी वापरते आणि प्रत्येक टोनचा वेग १०० बॉड असतो, म्हणून सुमारे २.४ किलोहर्ट्झ व्यापूनही ते नियमात बसे. पॅक्टर-४ तेवढ्याच जागेत १८०० बॉडपर्यंत जाते, म्हणून ते बाद ठरे. शेजारच्या स्टेशनला त्रास होतो तो रुंदीचा. त्यामुळे हा बदल मला पूर्णपणे योग्य वाटतो.

उत्तर २
रुंदीची व्याख्या एफसीसीच्या नियमांतच आहे: ज्या पट्ट्याबाहेर शक्ती सरासरीपेक्षा किमान २६ डेसिबलने खाली जाते, तो पट्टा. सॉफ्टवेअरने सांगितलेला आकडा ऑडिओची पातळी योग्य असेल तेव्हाच खरा ठरतो. एफटी८ ही डेटा पद्धत केवळ ५० हर्ट्झ घेते, पण ८०० हर्ट्झचा टोन गरजेपेक्षा जोरात दिला, तर १६०० आणि २४०० हर्ट्झवर त्याची भुते, म्हणजे दुप्पट-तिप्पट वारंवारतेची नको असलेली हार्मोनिक्स उमटतात आणि ती ट्रान्सीव्हरच्या (रेडिओ संचाच्या) फिल्टरमधून सरळ बाहेर पडतात. टोन १५०० हर्ट्झच्या वर ठेवल्यास ही हार्मोनिक्स बहुतांशी फिल्टरमध्येच अडतात. तरीही आधी एएलसीचा (संचाच्या स्वयंचलित पातळी नियंत्रणाचा) काटा हलायचा थांबेपर्यंत ऑडिओ कमी करावा, विशेषतः पीएसके३१ ही डेटा पद्धत वापरताना, कारण तिथे विकृती थेट संदेशाच्या दोन्ही बाजूंना पसरते.

उत्तर ३
यात एक भर घालतो. २.८ किलोहर्ट्झ ही कमाल मर्यादा आहे, तेवढी जागा प्रत्येक ठिकाणी व्यापावी असा तिचा अर्थ नाही. तेवढ्याच जागेत हिशेबाने एफटी८चे पन्नासहून अधिक संदेश शेजारी शेजारी मावतात. आयएआरयू या आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेच्या पहिल्या विभागाचा बँड प्लॅन (पट्ट्यांच्या वाटणीचा आराखडा) म्हणूनच २००, ५०० आणि २७०० हर्ट्झ असे वेगवेगळे भाग आखतो. रुंद डेटा पाठवणाऱ्याने आपल्या भागातला प्लॅन पाहावा आणि वाहिनी मोकळी आहे का, हे पूर्ण रुंदीवर ऐकून मगच प्रसारण सुरू करावे.