मदत हवी आहे: फ्रान्सची शासनपद्धत नेमकी कशात धरायची?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय, एमए राज्यशास्त्राचा अभ्यास चालूय. संसदीय आणि अध्यक्षीय हा फरक कळला, म्हणजे आपल्याकडं लोकसभेनं विश्वास काढला की सरकार पडतं आणि अमेरिकेत काँग्रेसला राष्ट्राध्यक्ष नुसता नकोसा झाला म्हणून घालवता येत नाही, महाभियोगच लागतो. पण फ्रान्स आलं की गाडी अडते. १९५८ ची राज्यघटना, १९६२ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा, तरी पंतप्रधान वेगळा आणि त्याचं सरकार नॅशनल असेंब्लीला (म्हणजे तिथल्या लोकसभेला) जबाबदार! डिसेंबर २०२४ ला पंतप्रधान बार्निए यांचं सरकार अविश्वास ठरावानं पडलं, राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन मात्र जागेवरच. आणि १९८६ ला तर राष्ट्राध्यक्ष मित्तराँ समाजवादी, पंतप्रधान शिराक उजवे, मग खरा कारभारी कोण हो?

सात रस्त्याच्या अभ्यासिकेत यावरून रोज चहा गार होतोय. एकजण म्हणतो असेंब्लीत बहुमत कुणाचं त्यावर सगळं, मला पण तेच पटतंय, पण मग याला अर्ध-अध्यक्षीय असा तिसरा वेगळा प्रकार म्हणायचं कशाला? श्रीलंका पण यातच येते का, तिथं १९७८ च्या घटनेनं राष्ट्राध्यक्षच मंत्रिमंडळाचा प्रमुख.

दहा मार्कांत हे कसं बसवू? गाईडमधली व्याख्या नको, ती पाठ आहे. कुणी सर-मॅडम असाल तर सांगा की.