शुक्रवारची सुट्टी आणि डाउनटाउनमधील दुपारचे जेवण

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

येत्या शुक्रवारी आम्हा दोघांनाही सुट्टी असल्यामुळे, सांगलीहून आलेल्या सासूबाईंना घेऊन फिलाडेल्फियाच्या डाउनटाउनमध्ये, नेहमीची भारतीय उपाहारगृहे वगळून, काहीतरी नवे खाऊन पाहावे असा बेत आहे. सासूबाई शुद्ध शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. मात्र नव्या चवींची त्यांना मनापासून हौस आहे. आम्ही माल्व्हर्नहून ट्रेनने येऊ. जाणकारांनी कृपया सुचवावे.

— माल्व्हर्नची एक सभासद

*

ताई, सप्रेम नमस्कार.

सुट्टी शुक्रवारी मिळाली आहे, तर रीडिंग टर्मिनल मार्केटमध्येच जावे, असा माझा आग्रह आहे. आपल्यापैकी बहुतेक जण तेथे शनिवार-रविवारी जातात. शनिवारी गर्दीत धड उभे राहता येत नाही आणि रविवारी पेनसिल्व्हेनिया डच मंडळींची (म्हणजे जर्मन वंशाच्या, आमिश वगैरे लोकांची) दुकाने बंद असतात. बऱ्याचशा सरकारी सुट्ट्या सोमवारी येतात आणि त्या दिवशीही त्यांतील काही जण दुकान उघडत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षे या भागात राहूनही बाजाराचा तो कोपरा भरात असताना अनेकांनी पाहिलेलाच नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

हा बाजार १८९३ मध्ये रीडिंग रेल्वेच्या स्थानकाखाली सुरू झाला. त्या जागी आधीपासून बसणाऱ्या विक्रेत्यांनी हलण्यास नकार दिला, तेव्हा गाड्या वर आणि बाजार खाली अशी तडजोड कंपनीला करावी लागली. दादरच्या फलाटांखाली मंडई भरावी तसे ते होते, असे सासूबाईंना सांगितले की त्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. वरच्या गाड्या १९८४ मध्ये थांबल्या. बाजार चालूच राहिला.

साडेअकराच्या आत पोहोचावे, कारण शेजारच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये अधिवेशन असले की बारानंतर टेबल मिळणे कठीण होते. प्रथम मिलर्स ट्विस्ट या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. पिठाची लांब वळी हाताने वळून, तिची टोके उचलून क्षणात पीळ घातला जातो आणि भट्टीतून निघालेल्या गरम प्रेट्झेलला भरपूर लोणी लावले जाते. डच ईटिंग प्लेसमध्ये सोललेले अख्खे सफरचंद पिठाच्या पारीत गुंडाळून दालचिनीसह भाजतात आणि गरम असतानाच दाट क्रीम घालून देतात; पारीत अंडे नाही ना, एवढे मात्र विचारून घ्यावे. शेवटी बॅसेट्सचे आइस्क्रीम घ्याच. १८६१ पासूनचा हा व्यवसाय बाजाराच्या पहिल्या दिवसापासून तेथे आहे. फिलाडेल्फिया पद्धतीचे आइस्क्रीम मुळात अंड्याविना, दूध, साय आणि साखरेचे असते, हे सासूबाईंच्या दृष्टीने फारच सोयीचे. तरीही फ्लेवरनुसार चौकशी करावी.

तुमचे यजमान मांसाहार करत असतील तर त्यांनी डिनिक्सचे रोस्ट पोर्क सँडविच, उग्र चवीचे प्रोव्होलोन चीज आणि कडवट ब्रोकोली राब घालून, खावे. पोर्कच्या चवीला तो कडवटपणाच तोलून धरतो, म्हणून ती भाजी वगळू नये. सासूबाईंना मात्र तेथील चीज देऊ नका. जुन्या पद्धतीच्या प्रोव्होलोनमध्ये दूध साकळवण्यासाठी वापरलेले, जनावराच्या जठरातील रेनेट असू शकते.

— सेंटर सिटीतील एक जुना सभासद

*

नमस्कार.

वरील सर्व सूचनांशी मी सहमत आहे. माल्व्हर्नची गाडी थेट जेफरसन स्टेशनला येते आणि तेथून बाजार अगदी जवळ आहे. जेवणानंतर सासूबाईंच्या पायांत बळ असेल तर दहाव्या रस्त्यावरील चायनाटाउनची रंगीत कमान अवश्य दाखवा. ती १९८४ मध्ये चिनी कारागिरांनी उभारली आहे. रेस स्ट्रीटच्या परिसरात हाताने ओढलेल्या नूडल्स मिळतात, पण नुसते "मांस नको" म्हणून भागत नाही. रस्सा बहुधा हाडांचा असतो आणि भाज्यांतही ऑयस्टर (कालवांचा) सॉस पडतो, म्हणून दोन्हींबद्दल ऑर्डर देण्यापूर्वीच स्पष्ट विचारावे.

— चेरी हिलची एक सभासद