कॅटमध्ये ८६ पर्सेंटाइल: पुन्हा बसावं की नाही?

शून्यप्रहर
डिसेंबरच्या उत्तरार्धात कॅटचा (आयआयएम वगैरेंच्या एमबीए प्रवेश परीक्षेचा) निकाल लागतो आणि जानेवारी उजाडायच्या आत क्लासेसच्या रिपीटर बॅचचे फोन सुरू होतात. माझं मत स्पष्ट आहे: वर्षभर घरी बसून पुन्हा कॅट देणं बहुतेकांनी टाळावं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक नमुना घेऊ. पर्सेंटाइल (म्हणजे शंभरातले किती जण मागे राहिले): इंग्रजी ९३, डीआयएलआर (आकडेवारी आणि तर्काचा विभाग) ६४, गणित ८५, एकूण ८६. दहावीला ८१ टक्के, बारावीला ६८, बीकॉमला ६४. खुला प्रवर्ग, नोकरीचा अनुभव नाही.

यातले बारावीचे ६८ कितीही मॉक (सराव परीक्षा) दिले तरी बदलणार नाहीत. अहमदाबाद, बंगलोरसारख्या जुन्या आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणांना वजन देतात. म्हणजे पुढच्या वर्षी ९७ आले तरी तिथला रस्ता अवघडच, आणि वर मोकळ्या गेलेल्या वर्षाचा जाब मुलाखतीत द्यावा लागणार.

याउलट महाराष्ट्राची एमबीए सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) अजून पुढे आहे. जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिमस्री, पुण्याचं पुम्बा या व्यवस्थापन संस्थांच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्यांत सीईटीचा स्कोअर चालतो. मुलाखत नाही, बारावीचे गुण कोणी विचारत नाही. मग एवढी ताकद तिकडे का लावू नये?

दशांश
साफ असहमत. तुमच्याच नमुन्यात रोग कुठे आहे ते लख्ख दिसतंय: डीआयएलआर ६४.

२०२४ च्या पेपरात या विभागात २२ प्रश्न होते, पाच सेटमध्ये (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटांत) विभागलेले, वेळ ४० मिनिटं. ६०-६५ पर्सेंटाइलवर अडकणारे बहुधा तीन सेटना हात घालतात आणि धड एकच सोडवतात. पहिल्याच सेटवर १५ मिनिटं जातात, ‘आता एवढं केलंय तर पूर्ण करू’ म्हणून आणखी सहा जातात, आणि शेवटचे दोन सेट वाचलेही जात नाहीत. सोपा सेट नेमका त्यातच असतो. चार प्रश्नांचा एक सेट म्हणजे प्रत्येकी ३ प्रमाणे १२ गुण. या विभागात तेवढ्यानं चित्र पालटतं.

यावर उपाय आहे आणि तो शिकता येतो. पहिली चार-पाच मिनिटं पाचही सेट नुसते वाचायचे: किती अटी आहेत, किती अज्ञात आहेत, तक्ता लगेच आखता येतोय का. मग दोन निवडायचे. आठ मिनिटांत तक्त्यातली एकही जागा पक्की भरली नाही, तर सेट सोडायचा. हे अंगवळणी पडायला तीन-चार महिने रोजचे दोन सेट लागतात. शिवाय विभागवार कटऑफ असतो. एकूण ९५ असूनही एका विभागापायी मुलाखतीचा कॉल जातो. असा एकच कच्चा दुवा असेल, तर पुन्हा बसणं हाच शहाणपणा.

खडूफळा
दशांश, सेट निवडण्याबद्दल शंभर टक्के मान्य. पण गणिताच्या ८५ कडे तुम्ही बघितलंच नाही. रिपीटर मंडळी सगळ्यात मोठी चूक तिथेच करतात: जानेवारीत नंबर सिस्टिमपासून पुन्हा श्रीगणेशा. ऑगस्टपर्यंत सिलॅबस दुसऱ्यांदा संपतो आणि गुण तिथेच राहतात, कारण अडचण सिलॅबसची नव्हतीच.

आधी रिस्पॉन्स शीट (आपण दिलेल्या उत्तरांची नोंद) उघडा. समजा १८ प्रश्न सोडवले, १० बरोबर, ८ चूक, चुकलेले सगळे पर्यायवाले (चुकीला वजा १). ३० वजा ८, म्हणजे २२. त्या आठांतले चार निव्वळ ठोकताळे असतील आणि ते सोडले असते, तर २६. एक नवं सूत्र न शिकता चार गुण. (हे कच्चे गुण, स्कोअरकार्डवर तिन्ही स्लॉट (परीक्षेची सत्रं) समपातळीवर आणून काढलेला आकडा असतो.)

चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तर सरासरी फायदा शून्य: चारांत एकदा अधिक ३, तीनदा वजा १. एक पर्याय खात्रीनं बाद करता आला, तर पारडं किंचित आपल्याकडे झुकतं. आणि टाइप करायच्या उत्तरांना निगेटिव्ह नाही, तरी लोक ती रिकामी सोडतात!

प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: संकल्पना नव्हती, आकडेमोड चुकली, प्रश्न नीट वाचला नाही, हात लावायलाच नको होता. पहिलं कारण निम्म्याहून जास्त वेळा आलं तरच क्लास लावा.

तळटीप
शून्यप्रहर, दशांश, तुम्ही दोघंही वर्षभर मोकळं राहणं गृहीत धरताय. पुन्हा बसायचं तर नोकरी करत बसा. रोज दोन तास, रविवारी एक मॉक आणि त्यावर किमान तीन तास विश्लेषण. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत दहा महिने हाताशी येतात, अनुभवाचे गुणही पदरात पडतात.

सगळी अंडी एका टोपलीत मात्र नकोत. स्नॅप (सिम्बायोसिसची एमबीए प्रवेश परीक्षा) एका हंगामात तीनदा देता येते आणि त्यातला सर्वोत्तम स्कोअर धरतात. एनमॅटही (एनएमआयएमएस वगैरे संस्थांची परीक्षा) पहिली धरून तीनदा देता येते, तिला निगेटिव्ह नाही. कॅटचा एक रविवार बिघडला म्हणून वर्ष बुडायला नको.

दशांश
रोज दोन तास? विरार-चर्चगेट लोकल करून आठ वाजता घरी येणाऱ्याला डीआयएलआरचा सेट सुचत नाही. तो वेळ वाचनाला ठीक आहे. सेट पहाटे सोडवायचे, नाहीतर शेवटचे तीन महिने तरी सुट्टीचं बघायचं.

शून्यप्रहर
नोकरीसह पुन्हा बसायला माझा विरोध नाही, तो घरी बसण्याला आहे. डीआयएलआरचा मुद्दाही पटला.

पण सीईटीकडे ‘कॅटवाल्यांना सोपी’ म्हणून बघू नका. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. कॅटच्या गणितात एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या वर मिळतात. सीईटीत ७५ प्रश्न लॉजिकल रीझनिंगचे आणि २५ आकृत्यांचे. आकृत्या कॅटमध्ये नसतातच, त्यामुळे त्यांचा सराव शून्यापासून. आणि निगेटिव्ह नसल्यानं एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. कॅटमध्ये कमावलेली प्रश्न सोडून देण्याची सवय इथे मारक ठरते. शेवटची तीन मिनिटं उरलेल्या प्रश्नांना कुठला तरी पर्याय निवडायला राखून ठेवा.

मधली_सुट्टी
सगळे गुणांवर बोलताय, घरच्यांवर कोणीच नाही. निकालानंतरचे दोन आठवडे मुलं-मुली नातेवाइकांचे फोन टाळतात आणि त्याच मनःस्थितीत मिळेल त्या कॉलेजात लाखोंची फी भरून मोकळी होतात. मला हा धोका पुन्हा बसण्याहून मोठा वाटतो. कर्ज काढण्याआधी प्लेसमेंटचं सरासरी पॅकेज नको, मीडियन (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं पॅकेज) विचारा, आणि बॅचमधल्या किती जणांचा त्यात हिशोब आहे तेही. उत्तर टाळलं तर समजून जा. आईबाबांसमोर पर्सेंटाइल नका ठेवू. खडूफळा म्हणतात तसा चुकांचा तक्ता आणि महिन्यांचा आराखडा ठेवा, बोलणं लगेच वेगळ्या वळणावर जातं.

आणि कागदपत्रं. राज्याच्या यादीतली प्रत्येक ओबीसी जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, आणि आयआयएमला केंद्राच्या नमुन्यातलंच नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र लागतं. राज्याचं एसईबीसी आरक्षणही तिथे चालत नाही. कॅटचा फॉर्म ऑगस्टमध्ये निघतो; तहसील कार्यालयाची फेरी जूनमध्येच मारा.

खडूफळा
@दशांश, पहाटेचं म्हणालात म्हणून. कॅटचे स्लॉट तीन असतात: सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेचार, आणि आपला कोणता ते प्रवेशपत्र आल्यावरच कळतं. तोवर मॉक तिन्ही वेळांना आलटून पालटून द्या. पहाटेच सेट सुटणाऱ्याला संध्याकाळचा स्लॉट आला तर तेच डोकं साडेपाचला चालायला हवं.