अलिबाग–कोर्लई पट्ट्यातील सर्वधर्मीय स्थळांचा नकाशा: विद्यार्थ्यांकडून कोणती माहिती गोळा करावी?

खाडीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी अलिबाग तालुक्यातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे कामही माझ्याकडे आहे. यंदाच्या हिवाळी शिबिरात तीसेक विद्यार्थ्यांना घेऊन अलिबागपासून कोर्लईपर्यंतच्या पट्ट्यातील सर्व धर्मांच्या स्थळांचा नकाशा तयार करावा, असा विचार आहे. मूळ कल्पना उसनी आहे. हार्वर्ड विद्यापीठात डायना एक यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात विद्यार्थी सुटीत आपापल्या गावी जाऊन तिथल्या मंदिरांच्या, मशिदींच्या आणि गुरुद्वारांच्या नोंदी करून आणत असत. आमच्याकडे तर एसटीच्या तासाभराच्या अंतरात इस्रायल आळीतील सिनेगॉग (ज्यूंचे प्रार्थनास्थळ), चौलचे रामेश्वर, हिंगळाजच्या डोंगरातील बौद्ध लेणी, रेवदंड्याच्या कोटातील पोर्तुगीज चर्चचे अवशेष, कोर्लईचे नांदते चर्च, शिवाय दर्गे, मशिदी आणि गावोगावची बुद्धविहारे आहेत. असे असूनही इस्रायल आळीतून रोज सायकलने ये-जा करणाऱ्या माझ्या मुलांपैकी एकानेही त्या इमारतीत काय चालते, हे आजवर कोणाला विचारलेले नाही.

अडचणी दोन आहेत. पहिली म्हणजे, विद्यार्थ्यांनी तयार केलेल्या, घरोघरी भरून घ्यायच्या अर्जाच्या मसुद्यात कुटुंबप्रमुखाचे नाव, धर्म, जात आणि घरात पाळले जाणारे सण असे रकाने आहेत, आणि त्यावर एका सहकाऱ्यांनी हरकत घेतली आहे. दुसरी अडचण मला अधिक सतावते. असा नकाशा झाला की त्यामुळे माणसे एकमेकांशी बोलू लागतात, की स्नेहसंमेलनाच्या दिवशी भिंतीवर लावलेला आणखी एक रंगीत तक्ता एवढेच त्याचे होते? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

जुनी_रास्तापेठ

मॅडम, आपल्या सहकाऱ्यांची हरकत रास्त आहे. तो अर्ज रद्द करावा. काही वर्षांपूर्वी आम्ही पुण्याबाहेरच्या एका गावात नेमका असाच अर्ज घेऊन घरोघरी गेलो होतो आणि तिसरा रकाना धर्माचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावभर झाले की कोणीतरी याद्या करत आहे. एका आजींनी आम्हाला बसवून चहा दिला, बशीत दोन बिस्किटे ठेवली, पण कागदाकडे पाहून म्हणाल्या, ‘नाव सांगते, लिहू नको.’ १९८४ मध्ये दिल्लीत शिखांची घरे हेरण्यासाठी मतदारयाद्या वापरल्या गेल्या होत्या, हे लक्षात घेतले तर त्या आजींना भित्र्या म्हणता येत नाही. आम्ही त्या संध्याकाळी भरलेले सगळे अर्ज फाडून टाकले, पण गेलेला विश्वास काही त्या शिबिरात परत आला नाही.

जनगणनेकडूनही फार अपेक्षा ठेवू नये. धर्मनिहाय आकडे तालुक्याच्या आणि शहराच्या पातळीपर्यंतच प्रसिद्ध होतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध ५.८१ टक्के आहेत आणि देशातील तीन-चतुर्थांशांहून अधिक बौद्ध याच राज्यात राहतात, हे त्यातून कळते. पण आपल्या इस्रायल आळीचे लोक तिथे ‘इतर धर्म’ या गाठोड्यात गेलेले आढळतील.

आम्हाला पुढे जमले ते माणसे मोजण्याचे सोडून जागा पाहत चालण्याने. पुण्यातील क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांनी जागा दिली होती, हे चर्चच्या दारात उभे राहून ऐकताना मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. तिथून पायीच १८६७ चे लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससून यांचे सिनेगॉग, आणि दुसऱ्या अंगाला गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनचे चर्च. पंचहौदाला १८९० मध्ये मिशनचा चहा घेतल्यावरून रानडे-टिळकांसह अनेकांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, आले होते, तेही आम्ही नकाशात लिहिले. नकाशात फक्त गोडीगुलाबीच्या नोंदी ठेवल्या तर वाचणारा मनातल्या मनात हसतो.

तेलघाणा

आमचे घराणे बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबागच्या किनारपट्टीवरील अष्टागरातले. मी आता ठाण्यात असतो. मॅडमच्या मुलांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. आमची जुनी माणसे सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत. मुंबईत सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ मध्ये स्थापन झालेले आमचे पहिले सिनेगॉग ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखले जाते. एखाद्या गावी म्हातारे गृहस्थ ‘तिकडे मशीद होती’ असे म्हणाले आणि विद्यार्थ्याने तिथे हिरवा ठिपका देऊन टाकला, तर एक अख्खा समाज नकाशावरून पुसला जाईल. म्हणून नाव लिहिताना ‘तिथले लोक काय म्हणतात’ आणि ‘शेजारी काय म्हणतात’ असे दोन वेगळे रकाने ठेवावेत. आम्हाला शेजारी ‘शनवार तेली’ म्हणत, कारण आमचे घाणे शब्बाथला, म्हणजे शनिवारी, बंद असत. ती ओळख आमची नव्हती, शेजाऱ्यांनी दिलेली होती, आणि तरीही ती खरी होती.

बोलणे सुरू कशावरून करावे, याविषयी माझे मत असे आहे की धर्मावरून करूच नये. मलिद्यावरून करावे. आमचा मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, सुका मेवा आणि ताटाभोवती मांडलेली फळे. नवस फेडताना, लग्नाच्या आधी आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या टापावर एलियाहू हन्नाबीचे, म्हणजे एलिया पैगंबराचे, स्मरण करताना तो असतोच. त्या खडकावर पैगंबराच्या रथाची खूण उमटली आहे, अशी आमची श्रद्धा आहे. आता कोणत्याही दर्ग्यात जाऊन मलिदा मागावा. तिथे पोळी कुस्करून तूप-गुळात मळलेला मलिदा हातावर पडेल, आणि तो चढवणाऱ्यांत हिंदू बायकाही असतील. शब्द एकच, ताटे दोन. माझी आई आणि शेजारच्या खालाजान यांच्यात खरा मलिदा कोणता यावर वर्षानुवर्षे वाद चालला होता, आणि आमच्या आळीतील आंतरधर्मीय संवाद म्हणतात तो बहुधा तोच असावा.

नवगावच्या आमच्या कबरस्तानात मुलांना जरूर न्यावे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांना तिथे मूठमाती मिळाली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. १९४८ नंतर आमची बहुतेक घरे इस्रायलला गेली. त्यामुळे गावोगावच्या आमच्या जागांवर आज झाडलोट कोण करते, किल्ली कोणाकडे असते, हा प्रश्न विचारला की उत्तरात हमखास दुसऱ्या धर्माचा माणूस निघतो.

नमुना_आठ

वरील दोन्ही उत्तरे पटली, पण थोडी कोरडी भर घालतो. माझी नोकरी पंचायतीच्या दप्तरात गेली आहे. धर्मादाय आयुक्तांच्या नोंदणीत सार्वजनिक विश्वस्त संस्था सापडतील, वक्फ मंडळाकडे दर्गे-मशिदींच्या नोंदी सापडतील, परंतु कागदावर जे असते ते आणि जागेवर जे असते ते पुष्कळदा जुळत नाही. सर्वांत मोठी फसगत बुद्धविहारांची होते. अनेक गावांत शासकीय अनुदानातून झालेली इमारत दप्तरी ‘समाजमंदिर’ म्हणून चढलेली असते. आत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर असते, वंदना तिथेच होते, पण यादी पाहणाऱ्याला ते लग्नकार्याचे सभागृह वाटते. त्याच्या उलट, आदिवासी वाड्यांवरचे झाडाखालचे शेंदूर लावलेले दगड कोणत्याच दप्तरात नसतात. मुलांनी वाडीतल्या जाणत्या माणसाला सोबत घेऊनच ते पाहावेत आणि त्या देवाला आपल्या मनाने कोणत्याही धर्माच्या रकान्यात कोंबू नये.

जिथे मालकीचा किंवा मूळ स्वरूपाचा वाद चालू असेल, तिथे ‘पूर्वी येथे काय होते’ हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याने १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख ठरवली असली, तरी चहाच्या टपरीवर ती तारीख कोणी मानत नाही. आज तिथे कोण येते, कधी येते आणि देखभाल कोण करते, एवढेच लिहावे.

तेलघाणा यांच्याशी एका बाबतीत मात्र माझा मतभेद आहे. राखण नसलेल्या कबरस्तानांची अचूक जागा सर्वांसाठी खुल्या असलेल्या ऑनलाइन नकाशावर टाकू नये. दगड उचलून नेणारेही नकाशे वाचतात.

तेलघाणा

मान्य आहे. गावाचे नाव असावे, वाट मात्र विचारूनच शोधावी लागेल असे ठेवावे. त्यात आपोआप कोणाशी तरी बोलणे होते.

खाडीकाठ

सर्वांचे आभार. कालच विद्यार्थ्यांसमोर जुना अर्ज बाजूला केला. नव्या नोंदवहीत धर्माचा रकानाच नाही. जागेचे नाव तिथल्या लोकांच्या आणि शेजाऱ्यांच्या तोंडून, वर्षातून कोणत्या दिवशी गर्दी होते, नैवेद्य काय असतो आणि किल्ली कोणाकडे असते, एवढे पाच रकाने आहेत. एका मुलीने लगेच विचारले की तिच्या आजोबांकडे गावातल्या दर्ग्याची किल्ली आहे, तर मुलाखत तिनेच घेतलेली चालेल का. ती हिंदू आहे आणि हे तिने दोन वर्षांत कधी वर्गात सांगितले नव्हते. मी तिला दुसऱ्या कोणाला तरी सोबत नेण्यास सांगितले आहे, कारण आजोबा नातीला जे गृहीत धरून सांगणार नाहीत, ते परक्या मुलाला उलगडून सांगतील.

कोर्लईची फेरी मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तिथल्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजमिश्रित बोली बोलली जाते. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा मुलूख सोडला तरी ती भाषा मागे राहिली, आणि आमच्यातील कोणालाही ती येत नाही. गावातील मराठी शाळेत शिकलेले कोणी दुभाषा म्हणून दोन दिवस येऊ शकत असेल तर कळवावे. तेलघाणा, आपण ठाण्याहून येणार असाल तर एक दिवस मलिद्याच्या ताटासाठी राखून ठेवते; पोहे जाडे घ्यायचे की पातळ, एवढे मात्र आधी सांगा.