हृदयाच्या त्याच ठोक्यांवर पळण्याचा पेस (वेग) सुधारला, एवढीच प्रगती?

पहाटपळ्या:
जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनसाठी आमच्या ग्रुपमधले बरेच जण मॅफेटोन पद्धतीने पळतायत. 180 मधून वय वजा करायचं आणि पळताना हृदयाचे मिनिटाचे ठोके त्या आकड्याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. चाळिशीच्या माणसाला 140. चढ आला की मुकाट चालायचं. फायदा होतोय की नाही, हे कळायला माझ्या मते एकच चाचणी पुरे: महिन्यातून एकदा, त्याच ट्रॅकवर, नीट वॉर्मअप करून त्याच ठोक्यांवर पाच किलोमीटर. प्रत्येक किलोमीटरची वेळ लिहून ठेवा. ट्रायथलॉनवाला मार्क अ‍ॅलन 155 ठोक्यांवर मैलाला सव्वाआठ मिनिटं घ्यायचा, तो त्याच ठोक्यांवर 5:20 वर आला आणि हवाईची आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि मग मॅरेथॉन) सहा वेळा जिंकला. अजून काय पुरावा हवा?

घामाघूम_दादर:
अ‍ॅलन दमट ऑक्टोबरात शिवाजी पार्कला फेऱ्या मारत नव्हता हो! उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी कमी होतं, मग तेवढ्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. ऑक्टोबरची चाचणी डिसेंबरशी लावली तर सगळेच सुधारलेले दिसणार. ती प्रगती तुमची नाही, थंडीची.

पहाटपळ्या:
म्हणून तर पहाटे पाचला पळायचं आणि तापमानही लिहायचं. गेल्या डिसेंबरशी हा डिसेंबर ताडून बघा ना.

घामाघूम_दादर:
म्हणजे निकाल वर्षाने! तोवर रेस होऊन जाईल.

स्टेथोवाली:
तुम्ही दोघंही मोजमापावर भांडताय, पण मुळात 140 कुठून आला ते बघा. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या कमाल ठोक्यांत सहज वीसचा फरक असतो. एकाला 140 म्हणजे रमतगमत, दुसऱ्याला धाप. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके तर गोळीनेच दाबलेले असतात. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पळताना सलग दोन-तीन वाक्यं बोलता येतायत का, ही कसोटी मला जास्त पटते.

पहाटपळ्या:
ताई, आजारपण, औषधं, दुखापत यांसाठी सूत्रात पाच-दहा ठोके कमी करायला सांगितलेच आहेत. आणि गप्पा मारत पळणं ठीक, पण त्याचा आलेख कसा काढणार?

स्टेथोवाली:
नका काढू. इतकं काय अडलंय आलेखावाचून?

सह्याद्री_पाय:
मनगटावरच्या घड्याळावर हा सगळा डोलारा असेल तर सोडूनच द्या. पुष्कळदा ते ठोके सोडून पावलंच मोजत बसतं. 170 दिसले की लोक घाबरून चालायला लागतात. छातीचा पट्टा घ्या, मग वाद घाला.
आणि महिन्यांची तुलना कशाला? एकाच सकाळी दीड तास एकाच वेगाने पळा, पहिल्या अर्ध्या भागातले सरासरी ठोके आणि दुसऱ्यातले बघा. फरक कमी होत गेला की दमाचा पाया पक्का होतोय.

घामाघूम_दादर:
हे बरं आहे, पण दमटपणात तो फरकही फुगतोच.

सह्याद्री_पाय:
फुगतो. पण दोन्ही भाग एकाच हवेतले असतात, एवढं तरी माना.

पहाटपळ्या:
मानतो. दोन्ही लिहीन.

घामाघूम_दादर:
आता खरं दुखणं. शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो. कायम 140 वर पळालेला माणूस तिथे काय करणार? अ‍ॅलनही पाया झाल्यावर वेगाचे वर्कआऊट करायचा, ते लोक सोयीस्कर विसरतात. मी तर दर सहा आठवड्यांनी दहा किलोमीटर जीव तोडून पळायला सांगेन. टायमिंग सुधारलं नाही तर तुमचा आलेख कितीही देखणा असू दे.

पहाटपळ्या:
जीव तोडून पळाल्यावर पुढचे तीन-चार दिवस पाय दुखतात, त्याचं काय? पाया घडवायच्या काळात तेच नको असतं. नोव्हेंबरमध्ये एकदा पळेन, तेही महिन्याच्या चाचणीतली सुधारणा थांबली तरच.

स्टेथोवाली:
आणि त्या दिवशी छातीत जड वाटलं, तर घड्याळ काहीही दाखवो, थांबायचं.