घरून लिहून आणलेल्या प्रकल्पाला गुण द्यावेत का?

खडूफळा: नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि घरून लिहून आणायच्या प्रकल्पावरचा भरवसा गेला. तिकडे नोकरीत नवख्यांच्या वाट्याला येणारी कामं, म्हणजे माहिती साफ करणं, संगणक प्रणालीच्या चाचण्या लिहिणं, पहिला मसुदा करणं, यंत्राकडे सरकताहेत. हात बसायचा तो त्याच कामांत. आता तो पदवीतच बसवावा लागेल. म्हणून या प्रकल्पांचे गुण बंद करा. वर्गात, समोर बसवून लिहून घ्या.

ओळंबा: दुखणं खरं, औषध चुकीचं. ही साधनं नोकरीत रोज वापरायची आहेत, मग ती तपासायला शिकवणार कधी? भाषा प्रारूप, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागचं यंत्र, संदर्भ बेमालूम रचतं: लेखक खरा, नियतकालिक खरं, लेख मात्र कधी छापलाच गेला नाही. शब्दामागून संभाव्य शब्द जोडत गेल्यावर असं होणारच. प्रकल्प ठेवा, सोबत यंत्राला दिलेल्या सूचना, त्याचा कच्चा मसुदा आणि कुठे काय का बदललं याचं टिपण मागा.

खडूफळा: ते टिपणही यंत्रच लिहून देईल!

ओळंबा: म्हणून प्रत्येकाची १० मिनिटं तोंडी.

ताळेबंद: ६० विद्यार्थी, १० मिनिटं: झाले १० तास. दोन परीक्षक धरले तर मनुष्यबळाचे २०, तेही एकाच विषयाचे. वर थकवा येतो. सकाळी आणि संध्याकाळी दिलेले गुण एका मापाचे राहत नाहीत. पहिला बाहेर आला की प्रश्नही फुटतात. त्यावर उपाय आहे: प्रश्न ज्याच्या त्याच्या प्रकल्पातूनच काढायचा. ‘हा आकडा निम्मा झाला तर निष्कर्ष टिकेल का?’ दुसऱ्याचं उत्तर इथे चालत नाही. पण मजकूर यंत्राने लिहिलाय का हे ओळखणाऱ्या शोधक सॉफ्टवेअरच्या भरवशावर कुणाला नापास करू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचा शोधक अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केला. त्यांच्याच चाचणीत त्याने यंत्राचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखला होता आणि माणसाच्या ९ टक्के लेखनावर यंत्राचा शिक्का मारला होता.

खडूफळा: शोधकाबद्दल मान्य. तरी पहिलं वर्ष यंत्राविना हवंच. ज्याने स्वतः सरासरी आणि मध्यक काढलेला नाही, त्याला यंत्राने चुकीचं माप निवडलंय हे कळणार कसं?

ओळंबा: एक सत्र देतो, वर्ष नाही.